मारुतीच्या देवळामागे

पांढुर्ण्याच्या भिवाजींनी संत्र्याच्या धंद्यात नाव काढलं होतं आणि तापटपणातही. त्यांची मीना रवींद्रबरोबर पळून गेली त्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना अंगणात उभं करून सांगितलं, की दोघांना खलास केल्याशिवाय मला तोंड दाखवू नका. मुलं रोज तोंड दाखवत होती, रोज दोन वेळा जेवत होती, ती गोष्ट वेगळी. पण थोरल्या दत्तात्रयने तेव्हापासून जीपच्या सीटखाली कुऱ्हाड ठेवली होती, आणि धाकटा दिलीप त्याच्या शेजारी बसून गावोगाव फिरत होता. रवींद्र दुसऱ्या जातीचा, एवढंच त्याचं पाप. गावातली शहाणी माणसं पान चघळत म्हणायची, बापाचं काळीज आहे, चालायचंच. मला विचाराल तर काळजाचा इथे काही संबंध नव्हता. पोटच्या पोरीचा गळा कापायला माणसं धाडणाऱ्याला काळीज असतं, असं म्हणणाऱ्यांचीही मला शिसारी येते.

पळून जाण्याआधी मीना बोरगावला बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरीला होती. ही कंपनी शेतकऱ्यांकडून कपाशीचं बियाणं तयार करून घ्यायची. साल एकोणनव्वदचं. तेव्हा सौंसरच्या आसपास कॉम्प्युटर पाहायचा तर या कंपनीतच जावं लागे. त्याच्या खोलीत गार हवा सोडणारं मशीन होतं, दाराशी चपला काढाव्या लागत, आणि आलेले शेतकरी गाभाऱ्यात डोकावल्यासारखे आत डोकावून जात. मीना तिथे शेतकऱ्यांची नावं आणि पत्ते भरायची. रवींद्र कंपनीसाठी आपल्या शेतात बियाण्याचा प्लॉट करायचा, त्यामुळे त्याची ये-जा असे. पुढचं सांगायला नको.

त्या खोलीचा कारभार प्रतिभाकडे होता. सौंसरच्या एका मास्तरांची मुलगी, नागपुरातून इंजिनिअर होऊन आलेली. हुशार, हट्टी, आणि आपण हुशार आहोत हे कधी न विसरणारी. मीना तिला ताई म्हणायची. पळून जाताना मीनाने ठिकाण सांगितलं ते फक्त तिला. जामसांवलीला रवींद्रची मावशी कलाबाई नारळ विकते, तिच्या दुकानामागच्या खोलीत दोघं राहणार होते. तिथल्या मारुतीला बाराही महिने माणसं येतात, कोण कुठला हे कोणी विचारत नाही. प्रतिभाने त्याच दिवशी रवींद्रची नोंद कॉम्प्युटरमधून पुसून टाकली, आणि ते ठिकाण कुठे कागदावरही लिहिलं नाही.

तेव्हा ती पत्त्यांचा प्रोग्राम नव्याने लिहीत होती. भाषाही नवीकोरी, सी प्लस प्लस. नागपूरच्या आपल्या एका सरांकडून पुस्तकाच्या झेरॉक्स आणून ती शिकत होती. त्या भाषेची रीत अशी, की आधी एक वस्तू कल्पायची आणि मग त्या वस्तूलाच तिची अक्कल शिकवायची. प्रतिभाची वस्तू म्हणजे पत्ता. आमच्याकडच्या खेड्यातल्या पत्त्याला घराचा नंबर नसतो आणि गल्लीला नाव नसतं. नाव, जवळची खूण, मुक्काम, पोस्ट, तहसील, पिन, संपलं. एखाद्याने सगळं एका ओळीत कसंही कोंबून दिलं तरी प्रतिभाचा पत्ता ती ओळ स्वतःच फोडायचा, यातली खूण कोणती आणि मुक्काम कोणता हे ओळखायचा, आणि तुकडे नीट जोडून चिठ्ठी छापायचा. आणि चुकीचा पत्ता तिथे जन्मालाच येत नसे. गाव यादीत नसलं, पोस्ट चुकलं, पिन जुळला नाही, की मशीन टीं करून नकार द्यायचं. याचा प्रतिभाला भारी अभिमान. "माझ्या मशीनमधून निघालेला पत्ता जगात कुठंतरी असतोच," असं ती ज्याला त्याला सांगायची.

पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. मॅनेजर रघुनाथराव नागपूरला गेले होते आणि बाकीची माणसं प्लॉटवर. कपाशी फुलावर आली की त्या कंपनीत कोणी टेकत नसे. दुपारी ऑफिसात दोघंच होते, प्रतिभा आणि शिपाई श्रावण. श्रावण उंबरठ्याशी स्टुलावर बसून डुलक्या काढत होता.

दत्तात्रय चपला न काढता आत आला. त्याच्या भुवईवर ताजी खपली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायचे, ही पांढुर्ण्याची गोटमार, आणि त्यात दत्तात्रय दरवर्षी पुढे असायचा. मागून दिलीप आला. त्याने दार लावून घेतलं. दत्तात्रयच्या हातात कुऱ्हाड होती, पण बोलणं अगदी अदबीचं.

"मॅडम, रवींद्रचा पत्ता काढा जरा."

"त्याचं नाव नाही याच्यात," प्रतिभा म्हणाली. "प्लॉट सोडला त्यानं."

"साऱ्या तहसिलीचे पत्ते हाय म्हणते याच्यात. मंग त्याचाच कसा नाही?"

"नाही म्हणून सांगून राहिली ना मी."

दत्तात्रयने दिलीपकडे पाहिलं. दिलीपने श्रावणला मानगुटीला धरून उठवलं आणि त्याचा उजवा हात टेबलावर दाबला. काय होतंय ते श्रावणला कळायच्या आत दत्तात्रयने कुऱ्हाड उलटी फिरवून तिचा तुंबा, पात्यामागचा बोथट भाग, त्या हातावर हाणला. बोटांची हाडं मोडल्याचा आवाज प्रतिभाला स्पष्ट ऐकू आला. श्रावणने नुसता श्वास आत ओढला, आणि तो श्वास बराच वेळ बाहेर आला नाही. मग तो ओरडला.

"आता पाहा बरं एकडाव," दत्तात्रय म्हणाला. "सापडते एखादवेळेस."

 प्रतिभा घाबरली होती, आणि तिला श्रावणचीही भीती वाटत होती, की हा आता ओरडून काही भलतंच सांगेल. त्याला बिचाऱ्याला काही माहीतही नव्हतं. तिने पडद्याकडे तोंड केलं आणि भराभर विचार केला. यांना कुठेतरी लांब पाठवायचं. हे गेले की सौंसरच्या ठाण्यात फोन करायचा, आणि तडक जामसांवलीला जाऊन मीनाला हलवायचं. पत्ता काय, बनवला की झाला.

तिने रवींद्रचं नाव टाइप केलं आणि मुक्काम म्हणून मनाला येईल ते एक गाव लिहिलं, पिंपळधरा. मशीन म्हणालं, टीं.

दत्तात्रय बी. कॉम. झालेला होता. त्याने वाकून पडद्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली. "गाव नाही म्हणते हे," तो म्हणाला, आणि वळून दुसरा तुंबा श्रावणच्या डाव्या मनगटावर घातला.

"अक्षर चुकलं माझं," प्रतिभा ओरडली. "मारू नका त्याले. चुकलं नुसतं."

तिने दुसरं गाव टाकलं. हे यादीतलं होतं, पण घाईत पिन भलत्याच पोस्टाचा पडला. टीं. या वेळी घाव श्रावणच्या बरगडीत बसला आणि तो टेबलावरून घसरून खाली आला. दिलीपने त्याला लाथ घालून पुन्हा सरळ केलं. जो आवाज आला की प्रतिभाला आपल्या कामाचं कौतुक वाटायचं, त्याच आवाजावर एका गरीब माणसाची हाडं मोडत होती. त्या क्षणी तिने स्वतःला इतक्या शिव्या दिल्या, की मास्तरांनी ऐकल्या असत्या तर त्यांना घेरी आली असती.

मग ती सावध झाली. मशीनला खोटं चालत नव्हतं, म्हणून तिने एकेक तुकडा खरा घेतला. मुक्काम हिवरा खुर्द, हे गाव आडवाटेला होतं आणि जामसांवलीच्या अगदी उलट दिशेला. पोस्ट त्याचंच. पिन त्याचाच. मशीनने खूण विचारली. डोक्यात सारखी जामसांवली, तिथला मारुती, नारळाचं दुकान आणि मागची खोली. बोटांनी आपसूक लिहिलं, मारुतीच्या देवळामागे.

मशीन गप्प राहिलं. त्याने पत्ता घेतला. प्रिंटर करकरला आणि चिठ्ठी बाहेर आली. दत्तात्रयने ती फाडून घेतली आणि दोनदा वाचली.

"हिवऱ्याले त्याचं कोन हाय?" दिलीपने विचारलं.

"मले काय माहीत," प्रतिभा म्हणाली. "याच्यात हाय तेवढं हाय."

जाताना दत्तात्रयने टेलिफोनची तार भिंतीतून उपटली. "खोटा निंगाला तं वापस येतो," तो म्हणाला, तेही अदबीनेच.

जीप गेल्यावर प्रतिभाने आपल्या ओढणीचे दोन तुकडे केले आणि श्रावणचे हात बांधले. तो रडत होता, आणि रडताना बरगडी दुखते म्हणून रडणं थांबवायला बघत होता. तिने त्याला पाणी पाजलं. मग तो बनावट पत्ता पुसावा म्हणून ती मशीनकडे वळली. पडद्यावर एक ओळ तिची वाट पाहत होती.

एक शेतकरी दोन नावांनी प्लॉट घेऊ नये म्हणून तिनेच गेल्या महिन्यात पत्त्याला एक अक्कल वाढवून दिली होती. नवा पत्ता आला की त्याने नाव सोडून बाकीचे तुकडे जुन्या पत्त्यांशी ताडून पाहायचे. मशीनने ताडून पाहिले होते. या जागेचा पत्ता आधीच आहे, ते सांगत होतं. नाव चिंधू. हिवरा खुर्द, मारुतीच्या देवळामागे. ठेवू की पुसू?

 आमच्याकडे मारुती नाही असं गाव नाही, आणि मारुतीमागे कोणाचं तरी घर असतंच. हे सौंसरच्या पोरीला कोणी सांगायला हवं होतं का? पण तिने नागपूरच्या हिशेबाने विचार केला. तिथे घराचा नंबर खोटा लिहिला की माणूस रस्त्यात डोकं खाजवत उभा राहतो. इथे खरे तुकडे कसेही जोडा, पत्ता एखाद्याच्या चुलीपर्यंत जाऊन पोचतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आणि इथे दोर तिने स्वतः वळला होता.

"श्रावणभाऊ, हायवेपर्यंत चालता येईल तुमाले?" तिने विचारलं. "ट्रक थांबवा अन् ठाण्यात जा. दत्तात्रय हिवऱ्याले गेला म्हणून सांगा."

"अन् तुमी?"

"मी हिवऱ्याले चालली."

श्रावण भिंतीला पाठ घासत उठला. बांधलेले दोन्ही हात छातीशी धरून तो फाटकाबाहेर पडला. रघुनाथरावांची स्कूटर शेडमध्ये होती आणि किल्ली त्यांच्या खणात. फाट्यावर एक रस्ता जामसांवलीकडे वळतो. प्रतिभाने तिथे क्षणभर स्कूटर हळू केली. मीनाला अजून धोका नव्हता, चिंधूला होता. तिने स्कूटर हिवऱ्याच्या कच्च्या रस्त्याला घातली. वाटेत दोनदा ती घसरून पडली, एकदा गुडघा फुटला, आणि ते तिला नंतर दुसऱ्या कोणीतरी दाखवल्यावर कळलं.

हिवऱ्याचा मारुती छोटासा, शेंदराने जाड झालेला. जीप त्याच्यासमोर उभी होती. गावातली धडधाकट माणसं शेतात होती. दोन म्हातारे देवळाच्या खांबाआड उभे राहून मागच्या घराकडे पाहत होते, आणि पाहण्यापलीकडे काही करत नव्हते.

चिंधू तापाने घरी राहिला होता. नाहीतर तोही शेतातच असता. तो अंगणात गुडघ्यांवर होता. त्याचे पुढचे दात पडले होते आणि बंडीवर रक्त सांडलं होतं. वयाने तो रवींद्रच्या बापाएवढा. त्याची बायको देवकाबाई पाट्यावर मिरच्या वाटत असावी. वरवंटा तिथेच लाल चिखलात पडला होता, आणि दिलीपने तिला केसांना धरून भिंतीशी दाबलं होतं.

"कुठं लपवले दोघं?" दत्तात्रय विचारत होता.

"कोन दोघं, बापा?" चिंधू म्हणत होता. तोंडातून शब्द नीट येत नव्हते. "कोन रवींद्र? मी नाही ओळखत. देवाशपथ."

प्रतिभा धावत मध्ये गेली. "सोडा त्याले. त्याचा काही संबंध नाही. पत्ता खोटा आहे, मी बनवला तो."

दत्तात्रयने खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर त्याच्या अंगठ्यावरचं रक्त लागलं. "हिवरा खुर्द," त्याने वाचलं. "गाव हाय का नाही? पोस्ट बरोबर हाय, रस्त्यात इचारलं मी. मारुती हाय. मारुतीमागं घर हाय. अन् घरातला मानूस तुमच्याच कंपनीचा प्लॉट करते. येवढं सारं तू बसल्या जागी रचलं? मले काय येडा समजते?"

"खरंच रचलं. तुमी श्रावणले मारून राहिले होते म्हणून रचलं."

"खोटा असता तं तू आली कायले धावत?" दिलीप भिंतीकडून म्हणाला. "खरा निंगाला, म्हणूनच आली."

 तिने पत्ता इतका पक्का बांधला होता, की आता तिलाच तो मोडता येत नव्हता.

दत्तात्रयने कुऱ्हाड सुलटी केली आणि चिंधूच्या पोटरीत घातली. घाव हाडापर्यंत गेला आणि कुऱ्हाड तिथे अडकली. ती सोडवायला त्याला चिंधूच्या मांडीवर पाय द्यावा लागला. चिंधू गुरासारखा हंबरला. देवकाबाईने जो टाहो फोडला तो ऐकून खांबाआडचे म्हातारेही खाली बसले. रक्त अंगणातल्या शेणसारवणावर पसरत गेलं आणि प्रतिभाच्या चपलांपाशी येऊन थांबलं. दत्तात्रयने पुन्हा कुऱ्हाड उचलली. आता ती मानेच्या वर होती.

"शेवटचं इचारतो," तो चिंधूला म्हणाला.

चिंधू काय सांगणार? त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतंच. तो नुसता मान हलवत होता.

"जामसांवलीले हाय ते," प्रतिभा म्हणाली. "मारुतीजवळ. कलाबाईच्या नारळाच्या दुकानामागं. सोड त्याले. आता सोड."

 श्रावणच्या दोन्ही हातांची हाडं मोडेपर्यंत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते एका अनोळखी माणसाच्या मानेसाठी निघालं. तिला दोष देणारे नंतर पुष्कळ भेटले. त्यांनी एकदा त्या अंगणात उभं राहून पाहावं, मग बोलावं.

आणि दत्तात्रय हसला. "आता दुसरा मारुती काढला हिनं," तो म्हणाला, आणि कुऱ्हाड आणखी वर नेली.

"दादा, थांब," दिलीप म्हणाला. त्याने देवकाबाईचे केस सोडले होते. "कलाबाई त्याची मावशी व्हय. मले कसं सुचलं नाही इतके दिवस?"

दत्तात्रयने कुऱ्हाड खाली केली. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. चिंधूकडे त्यांनी पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. वाटेतला दगड बाजूला करून पुढे जावं तसे ते त्याला ओलांडून जीपकडे निघाले.

देवकाबाई नवऱ्याच्या पायाला लुगड्याचा पदर गुंडाळत होती. पदर भिजत होता आणि ती आणखी गुंडाळत होती. प्रतिभाने आजूबाजूला पाहिलं. फोन नव्हता. पोलीस अजून आले नव्हते. म्हातारे खांबाआड होते. तिची स्कूटर जीपच्या आधी जामसांवलीला पोचणं शक्य नव्हतं. तिने पाट्यावरचा वरवंटा उचलला. तो दोन्ही हातांनी धरावा लागला.

दत्तात्रय स्टिअरिंगमागे बसून, बाजूला वाकून, कुऱ्हाड सीटखाली तिच्या जागेवर ठेवत होता. त्याची मान तिच्याकडे होती. तिने वरवंटा उचलून त्याच्या डोक्यात मागच्या बाजूने घातला. तो 'अं' म्हणाला आणि उठायला गेला. तिने पुन्हा घातला. मग आणखी. त्याच्या केसांत मिरच्यांचा लगदा आणि रक्त एक झालं, तरी ती थांबली नाही. पहिला घाव मीनासाठी होता असं तिने ठाण्यात सांगितलं. पुढचे कशासाठी, ते तिला सांगता आलं नाही. मला वाटतं ते श्रावणच्या बोटांसाठी होते, चिंधूच्या पायासाठी होते, आणि एक तरी तिच्या स्वतःच्या हुशारीवर होता.

पलीकडून जीपमध्ये चढत असलेला दिलीप पळत सुटला, पण फार लांब गेला नाही. दत्तात्रय पडलेला पाहून गावाला हिंमत आली. खांबाआडचे म्हातारे काठ्या घेऊन निघाले, घराघरातून बाया निघाल्या, आणि थोड्या वेळापूर्वी जे अंगण मदतीवाचून ओकंबोकं होतं त्याच्याभोवती पाय ठेवायला जागा उरली नाही. दिलीपला त्यांनी इतकं बडवलं की पोलिसांना त्याला उचलून गाडीत घालावं लागलं. पोलीस श्रावणने आणले होते. तो गाडीत पुढे बसला होता, हात छातीशी धरून.

संध्याकाळी सौंसरच्या ठाण्यात प्रतिभाला एका बाकावर बसवून ठेवलं होतं. तिच्या हातांची मिरचीने आग होत होती आणि ते धुवायची परवानगी कोणी देत नव्हतं. चिंधूला नागपूरला हलवलं होतं. जीव वाचेल, पाय सांगता येत नाही, असं एक हवालदार म्हणाला. दत्तात्रय वाटेतच संपला होता. त्याचं प्रेत दवाखान्यातून मिळालं, आणि पंचनाम्याच्या सह्यांसाठी टेम्पो ठाण्याच्या फाटकात आणून उभा केला होता.

भिवाजी आत आले. प्रतिभाला वाटलं हे आता आपल्या अंगावर धावून येतील, आणि तिने डोळे मिटून घेतले. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. फौजदाराने त्यांना अपत्यं किती म्हणून विचारलं.

"दोन पोरं," भिवाजी म्हणाले. "एक हा गेला. एक तुमच्या कोठडीत हाय."

त्यांनी सह्या केल्या आणि टेम्पोत प्रेताच्या उशाशी जाऊन बसले.

तेवढ्यात फाटकापाशी गलका झाला आणि लोकांनी वाट करून दिली. मीना आली होती. जामसांवलीला बातमी पोचायला कितीसा वेळ लागणार? मागून रवींद्र येत होता, तिला हाताला धरून मागे ओढायला बघत होता. प्रतिभा बाकावरून उठली. पहिल्या क्षणी तिला नुसता आनंद झाला. पोरगी जिवंत होती, धडधाकट होती, दोन पायांवर चालत आली होती. झालं त्याचं सार्थक झालं असं तिला वाटलं, आणि आपल्याला असं वाटू शकतं याची तिला लाजही वाटली नाही.

मीना तिच्यासमोर येऊन थांबली.

"पत्ता तुनंच सांगितला का, ताई?"

"हो."

"अन् दादाले बी तुनंच मारलं."

"तो तुले मारायले निंगाला होता, मीना."

"मले माहीत हाय," मीना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "रोज झोपताना मले ते माहीत होतं. पण सायकल शिकवली ते त्यानं शिकवली मले. मी घसरून पडली तं घरापर्यंत उचलून आणलं. मी माह्यासाठी लपली होती, ताई. आता तो मेला अन् मी जिवंत हाय. हे घेऊन कुठं लपू, सांग."

 मीना वळली आणि टेम्पोकडे चालू लागली. रवींद्रने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, रागाने नव्हे, मनगटात बांगडी अडकावी आणि काढावी तसा.

"मीना, जाऊ नको," प्रतिभा ओरडली. "त्यांच्यासंगं जाऊ नको." ती धावली, पण हवालदाराने दंडाला धरून तिला बाकावर परत बसवलं. फाटकापाशी शंभर माणसं असतील. बहीण भावाच्या प्रेताला चालली होती, तिला कोण अडवणार? एकदोघींनी तर डोळ्यांना पदर लावला.

मीना टेम्पोच्या मागच्या फळीपाशी उभी राहिली. भिवाजींनी मान वर करून मुलीकडे पाहिलं.  मग त्यांनी मुलाच्या डोक्याखालची घोंगडी नीट केली.

"बस," ते म्हणाले, आणि थोडं सरकून त्यांनी तिला आपल्या शेजारी जागा करून दिली.